एंजेन्यो दे देन्त्रोची चित्रशाळा : अबोध मनातील प्रतिमांच्या संग्रहालयाची वाटचाल

रिओ दि जानेरो शहराच्या उत्तर भागात, रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेले एंजेन्यो दे देन्त्रो हे कष्टकऱ्यांचे उपनगर आहे. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात 20 मे 1952 रोजी ‘अबोध मनातील प्रतिमांचे संग्रहालय’ सुरू झाले. भिंतींवर लागलेली चित्रे आणि मांडलेल्या मातीच्या मूर्ती त्याच रुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसांनी घडवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी रुग्णालयात येईपर्यंत हातात कुंचला धरलेला नव्हता. आज या संग्रहात साडेतीन लाखांहून अधिक कलाकृती आहेत.

1952 पासून मोजले तर 2027 हे संग्रहालयाचे अमृतमहोत्सवी वर्ष ठरते. चित्रशाळा मात्र संग्रहालयापेक्षा जवळजवळ सहा वर्षांनी मोठी आहे. आधी कागद आले, रंग आले, माणसे येऊन बसली. चित्रांचे गठ्ठे वाढू लागले तेव्हा त्यांना हक्काची जागा हवी झाली आणि संग्रहालय उभे राहिले. संस्थेचा पुढचा सगळा इतिहास या क्रमातून समजतो. चित्र काढणे आणि काढलेले चित्र जपणे ही इथे एकाच कामाची दोन अंगे राहिली आहेत.

संस्थापिका

या कामामागची मुख्य व्यक्ती म्हणजे डॉ. नीझे दा सिल्वेरा. जन्म 15 फेब्रुवारी 1905, ब्राझीलच्या ईशान्येकडील आलागोआस राज्यातल्या मासेयो शहरात. वडील गणिताचे शिक्षक आणि पत्रकार, आई पियानोवादक. बाइआच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या 1926 मध्ये डॉक्टर झाल्या. दीडशेहून अधिक मुलांच्या त्या तुकडीत मुलगी त्या एकट्याच. पुढच्या वर्षी त्या रिओला आल्या आणि 1933 मध्ये सरकारी मनोरुग्णसेवेत रुजू झाल्या.

1936 मध्ये त्यांच्या खोलीतली मार्क्सवादी पुस्तके एका परिचारिकेच्या नजरेस पडली. तक्रार झाली आणि झेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीत डॉ. नीझे तुरुंगात गेल्या. वर्षाहून अधिक काळ त्या कैदेत होत्या. ब्राझीलचे थोर कादंबरीकार ग्रासिलिआनो रामोस त्याच काळात त्याच तुरुंगात होते आणि त्यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या ग्रंथात डॉ. नीझे भेटतात. सुटकेनंतरही नोकरी परत मिळाली नाही. 1944 मध्ये त्यांना पुन्हा सेवेत घेतले गेले आणि नेमणूक झाली एंजेन्यो दे देन्त्रोच्या राष्ट्रीय मनोरुग्ण केंद्रात.

मधल्या आठ वर्षांत मनोविकारशास्त्र बदलले होते. विजेचे झटके, इन्सुलिन टोचून आणलेली बेशुद्धी, मेंदूच्या पुढच्या भागावरची लोबोटॉमी ही शस्त्रक्रिया, हे सगळे नवे उपचार म्हणून रुजले होते. विजेचे झटके आज भूल देऊन, मोजूनमापून दिले जातात. त्या काळी रुग्ण शुद्धीवर असताना त्याला पलंगावर धरून ठेवले जाई. सहकारी डॉक्टरांनी यंत्र समजावून सांगितले, एका रुग्णाला झटका देऊन दाखवला आणि पुढच्या रुग्णासाठी बटण दाबायला डॉ. नीझे यांना सांगितले. त्यांनी साफ नकार दिला. कोठडी काय असते हे त्या स्वतः भोगून आल्या होत्या. माणसाला आणखी भेदरवून बरे करता येईल, हे त्यांना पटणे शक्यच नव्हते.

मग या नकाराचे करायचे काय, असा प्रश्न प्रशासनापुढे आला. व्यवसायोपचार नावाचा एक दुर्लक्षित विभाग होता. झाडलोट, धुणे, साफसफाई अशी रुग्णालयाची फुकट कामे रुग्णांकडून करून घेणे एवढाच तिथल्या उपचाराचा अर्थ उरला होता. 1946 मध्ये तो विभाग डॉ. नीझे यांच्याकडे आला.

9 सप्टेंबर 1946

त्यांनी विभागाचे रूप बदलून टाकले. पुस्तकबांधणी, सुतारकाम, शिवणकाम, बागकाम, संगीत, नाटक, खेळ असे एकेक दालन उघडत गेले आणि त्यांची संख्या पुढे 17 पर्यंत पोचली. 9 सप्टेंबर 1946 रोजी त्यात चित्रशाळेची भर पडली.

चित्रशाळेच्या जन्मात आल्मिर माविन्ये या 21 वर्षांच्या तरुणाचा मोठा वाटा आहे. तो रुग्णालयात नोकरीला होता आणि बाहेर चित्रकला शिकत होता. त्याने चित्रशाळेची कल्पना उचलून धरली आणि डॉ. नीझे यांनी ती त्याच्याच हाती सोपवली. वॉर्डांमध्ये फिरून कुणाच्या नजरेत कुतूहल दिसते, कोण भिंतीवर रेघोट्या ओढतो, कोण कागदाच्या तुकड्यावर काही गिरवतो हे पाहायचे आणि त्याला बरोबर घेऊन यायचे, असे त्याचे काम सुरू झाले. हाच तरुण 1951 मध्ये युरोपला गेला आणि पुढे जर्मनीत भूमितीय अमूर्त चित्रकला आणि भित्तिपत्रके यांसाठी नावारूपाला आला.

डॉ. नीझे यांना आधीचे काम माहीत होते. हान्स प्रिन्झहोर्न यांनी हायडेलबर्गच्या रुग्णालयातील चित्रांवर 1922 मध्ये ग्रंथ लिहिला होता. ब्राझीलमध्येच साओ पावलोजवळच्या जुकेरी रुग्णालयात डॉ. ओझोरिओ सेझार यांनी रुग्णांच्या कलाकृती गोळा करून त्यावर 1929 मध्ये पुस्तक काढले होते. इंग्लंडमध्ये चित्रकार एड्रियन हिल यांना 1938 मध्ये क्षयरोगासाठी मिडहर्स्टच्या आरोग्यधामात राहावे लागले. पलंगावर पडल्या पडल्या चित्रे काढताना आपल्याला जो आधार मिळाला तो इतर रुग्णांनाही मिळावा म्हणून त्यांनी तिथेच शिकवायला सुरुवात केली आणि ‘आर्ट थेरपी’ हे नाव रूढ केले. चित्रकार एडवर्ड ॲडमसन यांनी इंग्लंडच्या नेदर्न मनोरुग्णालयात चित्रशाळा सुरू केली तीही 1946 मध्येच. युद्धाने पोळलेल्या जगात निरनिराळ्या ठिकाणी माणसे एकाच दिशेने विचार करत होती.

शिकवण्याची रीत

या चित्रशाळेत शिकवणे होते, पण ते नेहमीच्या चित्रकलेच्या तासासारखे नव्हते. समोर नमुना ठेवून तो उतरवायला कुणाला सांगितले जात नसे. हाताचे प्रमाण चुकले, घर वाकडे आले, आकाशाला हिरवा रंग दिला म्हणून कुणी हात धरून दुरुस्ती करत नसे. रंग कसे कालवायचे, कुंचला कसा धुवायचा, तैलरंग आणि जलरंग यांत काय फरक आहे, पेस्टलची कांडी कशी धरायची, एवढे साहित्याचे ज्ञान मागितले की मिळे. विषय, आकार आणि रंग हे ज्याचे त्याने ठरवायचे.

सोबत बसणाऱ्या व्यक्तीवर डॉ. नीझे यांचा सर्वांत अधिक भर होता. या सोबत्याने उगाच बोलायचे नाही, अर्थ विचारायचा नाही, वाहवा करून भंडावून सोडायचे नाही. तरीही त्याचे लक्ष सतत हवे, आणि त्याला त्या माणसाविषयी खरी माया हवी. रसायनात उत्प्रेरक पदार्थ जसा स्वतः न बदलता क्रियेला वेग देतो, तसे ही माया काम करते, असे त्या म्हणत. छिन्नमनस्कतेत माणसाच्या भावना विझून जातात हे त्या काळातले सर्वसाधारण मत त्यांना मान्य नव्हते. भावना आत शाबूत असतात, बाहेर येण्याची वाट तुटलेली असते, असे त्यांचे निरीक्षण होते. ती वाट शब्दांची असलीच पाहिजे असे नाही. जो माणूस महिनोन्महिने एक वाक्य बोलत नाही, तोही कागदावर वर्तुळ काढतो, पुसतो, पुन्हा काढतो.

ही माया फक्त माणसांचीच असायला हवी असेही नव्हते. रुग्णालयाच्या आवारात सापडलेले कुत्र्याचे एक उपाशी पिल्लू त्यांनी एका रुग्णाकडे सांभाळायला दिले आणि त्या माणसात पडलेला फरक टिपून ठेवला. पुढे कुत्री आणि मांजरे या कामात सहकारी म्हणूनच वावरू लागली. ती कुणालाही वेडा समजत नाहीत आणि त्यांचा लळा स्थिर असतो, हे कारण डॉ. नीझे यांनी आपल्या लेखनात नोंदवले आहे.

ही माणसे, ही चित्रे

एमिजिओ दे बारोस यांचा जन्म 1895 चा. ते नौदलाच्या कारखान्यात कुशल कारागीर होते आणि प्रशिक्षणासाठी त्यांना फ्रान्सला पाठवले गेले होते. परत आल्यावर आजार उफाळला आणि 1924 मध्ये ते रुग्णालयात दाखल झाले. 1947 मध्ये चित्रशाळेत आले तेव्हा त्यांची 23 वर्षे वॉर्डात गेली होती. इतक्या जुन्या रुग्णाकडून कुणी कसली अपेक्षा ठेवत नव्हते. त्यांनी थेट मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात काम सुरू केले. खिडक्या, बागा, रस्ते, कार्निव्हल, असे विषय त्यांच्या दाट, झळाळत्या रंगांत उतरले. समीक्षक मारिओ पेद्रोझा यांनी त्यांना ब्राझीलच्या श्रेष्ठ चित्रकारांमध्ये स्थान दिले.

आदेलिना गोमेस या शेतकरी कुटुंबातल्या. 1916 चा जन्म. तारुण्यात त्या एका माणसाच्या प्रेमात पडल्या, आईने ते लग्न होऊ दिले नाही, आणि काही काळाने आजार सुरू झाला. 1937 मध्ये त्या रुग्णालयात आल्या. चित्रशाळेत त्यांनी आधी माती हाती घेतली आणि भव्य, कठोर, आदिम वाटणाऱ्या मातृमूर्ती घडवल्या. मग रंगांकडे वळून स्त्रीचे फूल होत जाणारी चित्रमालिका काढली. आईच्या धाकाने स्वतःचे स्त्रीत्व मिटून घेतलेली मुलगी डॉ. नीझे यांना त्या मालिकेत दिसली आणि ग्रीक पुराणातल्या झाड झालेल्या डॅफ्नीची कथा त्यांना आठवली. वर्षे गेली तशी चित्रांतली स्त्री फुलातून मोकळी होत गेली. पूर्वी अंगावर धावून जाणाऱ्या आदेलिना हळूहळू शांत, मिळून मिसळून राहणाऱ्या झाल्या. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या नावावर सतरा हजारांहून अधिक कलाकृती होत्या.

कार्लोस पेर्तुइस बुटांच्या कारखान्यात काम करत. 1939 मध्ये एका सकाळी त्यांच्या खोलीतल्या लहानशा आरशावर सूर्यकिरण पडला आणि त्यांना विराट दैवी दर्शन झाले. ते पाहायला त्यांनी घरच्यांना ओरडून बोलावले. त्याच दिवशी त्यांची रवानगी रुग्णालयात झाली. चित्रशाळा सुरू झाली त्या 1946 साली ते तिथे आले आणि 1977 मध्ये मृत्यू येईपर्यंत रंगवत राहिले. सूर्य, नौका, देवता, चक्राकार रचना या विषयांकडे ते पुनःपुन्हा परतत. बोलताना त्यांचे वाक्य जुळत नसे, पण कागदावरची रचना पक्की बांधलेली असे.

फर्नांदो दिनिझ यांची कथा गरिबीची आहे. 1918 मध्ये बाइआत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा आईबरोबर रिओला आला. आई श्रीमंतांच्या घरी शिवणकामाला जाई आणि मुलगा बरोबर असे. त्या घरांतले दिवाणखाने, पियानो, पडदे, फळांच्या परड्या त्याने डोळ्यांत साठवल्या. तो अभ्यासात हुशार होता आणि त्याला इंजिनिअर व्हायचे होते. 1944 मध्ये कोपाकाबानाच्या समुद्रात विवस्त्र पोहताना पोलिसांनी पकडले आणि त्याला रुग्णालयात आणले. 1949 मध्ये तो चित्रशाळेत आला. सुरुवातीच्या चित्रांत वस्तूंची नुसती गर्दी आहे. मग एकेक वस्तू सुटी होते, खुर्ची खुर्चीसारखी उभी राहते, फरशीच्या रेषा येतात, टेबलाला जागा सापडते आणि शेवटी अख्खी खोली तयार होते. विस्कटलेल्या जगात राहण्याजोगी एक जागा उभारण्याचे हे श्रम चित्रामागून चित्र पाहताना लक्षात येतात. दिनिझ पुढे ॲनिमेशनकडेही वळले. ॲनिमेटर मार्कोस मागाल्याइस यांच्या साथीने केलेला त्यांचा आठ टोकांच्या ताऱ्यावरचा चित्रपट 1996 मध्ये पूर्ण झाला. 1999 मध्ये ते गेले.

राफाएल दोमिंगेस यांना लहानपणी रेखाकलेचे शिक्षण मिळाले होते. पंधराव्या वर्षाच्या आसपास आजार आला. माविन्ये शेजारी बसला, फुलदाणी समोर ठेवली, हळूच कागद सरकवला की राफाएल शाईने एका ओघात अशी रेषा ओढत की पाहणारे थक्क होत. 1951 मध्ये माविन्ये परदेशी गेला आणि राफाएल यांच्या रेषेतले ते सामर्थ्य ओसरले. सोबत्याची माया किती मोलाची, याची संस्थेच्या दफ्तरातली ही सर्वांत ठळक आणि सर्वांत चटका लावणारी नोंद आहे.

दालनाबाहेर

पहिली प्रदर्शने लवकरच झाली. 1946 च्या अखेरीस रुग्णालयात आणि 1947 च्या सुरुवातीला रिओतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत. त्या वेळी पेद्रोझा यांनी कला ही माणसाची जीवनावश्यक गरज आहे, असा विषय घेऊन व्याख्यान दिले. इवान सेर्पा, अब्राहम पालातनिक असे तरुण चित्रकार चित्रशाळेत येऊ लागले. एमिजिओ आणि राफाएल यांचे काम पाहून पालातनिक इतके हादरले की आपण शिकलेल्या चित्रकलेचा त्यांनी नव्याने विचार केला. रंगीत प्रकाश आणि हालचाल यांचे त्यांचे यंत्रचित्र 1951 मध्ये साओ पावलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आले आणि गतिशील कलेच्या इतिहासात त्याची नोंद झाली. ब्राझीलच्या आधुनिक कलेचा एक धागा असा मनोरुग्णालयाच्या दालनातून जातो.

1949 मध्ये साओ पावलोच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘एंजेन्यो दे देन्त्रोचे 9 कलावंत’ हे प्रदर्शन भरवले. समीक्षक लिओन दगाँ यांनी चित्रशाळेला भेट देऊन त्यासाठी पुढाकार घेतला होता. शीर्षकात ‘रुग्ण’ नव्हते, ‘कलावंत’ होते. त्यावरून वर्तमानपत्रांत वाद पेटला. जाणीवपूर्वक, बुद्धीने केलेली निर्मिती तीच कला, तेव्हा ही चित्रे कला नव्हेत, अशी भूमिका समीक्षक किरिनो काम्पोफिओरितो यांनी घेतली. पेद्रोझा यांनी ती नेटाने खोडून काढली. डॉ. नीझे यांनी मात्र स्वतःचा रस वेगळा असल्याचे स्पष्ट सांगितले. चित्र सुंदर आहे की नाही हे कलासमीक्षकांनी ठरवावे. ते काढणाऱ्याच्या आत काय चालले आहे आणि चित्र काढल्याने त्याला बरे वाटते का, हे पाहणे हे त्यांचे काम.

संग्रहालय कशासाठी?

एका चित्रावरून फारसे काही सांगता येत नाही. त्याच माणसाची शंभर चित्रे तारखेच्या क्रमाने लावली की आतला प्रवास दिसू लागतो, हे डॉ. नीझे यांच्या पद्धतीचे सूत्र होते. म्हणून प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख. वाया गेलेला म्हणून कुठलाही कागद फेकायचा नाही. उत्तम तेवढे निवडून बाकीचे टाकायचे नाही. कलादालने जे कधीच ठेवणार नाहीत ते डाग, गिरगोट्या, अर्धवट वर्तुळे सगळे इथे जपले गेले. 1952 च्या संग्रहालयाचा मूळ हेतू हाच, संशोधन आणि अभ्यास. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांसाठी वापरात आले आणि सगळ्या जगातली मनोरुग्णालये औषधांकडे वळली. एंजेन्यो दे देन्त्रोच्या संग्रहालयाने त्या लाटेतही चित्रशाळेचे महत्त्व कमी होऊ दिले नाही.

जपणुकीची ही शिस्त किती मोलाची होती हे लुसिओ नोएमान यांच्या कामातून कळते. ते योद्ध्यांच्या मूर्ती घडवत. ठाम, अंगाने भरीव, राखण करणाऱ्या मूर्ती. 1949 च्या साओ पावलोच्या प्रदर्शनात त्यांचा समावेश होता. डॉ. नीझे यांच्या विरोधाला न जुमानता लुसिओ यांच्यावर लोबोटॉमी झाली. त्यानंतर त्यांनी घडवलेले आकार ओबडधोबड, विस्कळीत आहेत. त्याच 1949 मध्ये या शस्त्रक्रियेचे जनक एगास मोनीज यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे, दोन्ही काम संस्थेने शेजारी शेजारी ठेवले आणि डॉ. नीझे यांनी ते आपल्या ग्रंथात छापले. वैद्यकातल्या एका चुकीविरुद्धचा हा पुरावा मातीच्या मूर्तींनी दिला.

झुरिचची वाट

अनेक रुग्ण एकमेकांचे न पाहता वर्तुळाकार, मध्यबिंदूभोवती बांधलेल्या आकृती काढत होते. मन दुभंगले आहे असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते त्यांच्या हातून इतक्या सुसंघटित आकृती कशा उतरतात, हा प्रश्न डॉ. नीझे यांना पडला. 1954 मध्ये त्यांनी या चित्रांची छायाचित्रे स्वित्झर्लंडला मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे पाठवली आणि ही मंडले आहेत का, असे विचारले. युंग यांच्या वतीने आनिएला याफे यांचे उत्तर आले. होय, ही मंडलेच आहेत, आणि विस्कटलेले मन स्वतःला सावरू पाहते तेव्हा ती उमटतात. तिबेटी बौद्धांच्या आणि भारतीय तांत्रिकांच्या साधनेतल्या मंडलांचा युंग यांनी अभ्यास केला होता. तीच रचना रिओच्या वॉर्डात, त्या साधनांचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या कागदावर आली होती.

1957 मध्ये झुरिचला मनोविकारशास्त्राची दुसरी जागतिक परिषद भरली. तिथे संग्रहालयाने चित्रप्रदर्शन मांडले आणि 2 सप्टेंबरला त्याचे उद्घाटन स्वतः युंग यांनी केले. त्यांनी दालनांतून फिरून चित्रे बारकाईने पाहिली. डॉ. नीझे यांना त्यांनी पुराणकथांचा अभ्यास करायला सांगितले, कारण रुग्णांच्या प्रतिमांची भाषा तिथे सापडेल. डॉ. नीझे झुरिचच्या युंग संस्थेत शिकल्या, पुढेही तिथे जात राहिल्या आणि रिओतल्या त्यांच्या घरी युंग अभ्यासमंडळाच्या बैठका भरू लागल्या. युंग यांच्यावरचे त्यांचे छोटे पुस्तक 1968 मध्ये आले आणि ब्राझीलच्या वाचकांच्या घराघरांत पोचले.

ताडांचे घर

चित्रशाळेत सावरलेला माणूस घरी जाई आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखल होई. घरी दिवस रिकामा, शेजारी धास्तावलेले, काम मिळण्याची आशा नाही. रुग्णालय आणि घर यांच्या मधली एखादी जागा हवी होती. 23 डिसेंबर 1956 रोजी डॉ. नीझे यांनी सहकाऱ्यांसह रिओच्या तिजूका भागात ‘कासा दास पाल्मेइरास’, म्हणजे ताडांचे घर, सुरू केले. इथे कुणी मुक्कामाला राहत नसे. दिवसा यायचे, चित्र काढायचे, मातीकाम, नाटक, संगीत, चहा, गप्पा, आणि संध्याकाळी घरी जायचे. दारे-खिडक्या उघड्या, कुणाच्या अंगावर पांढरा कोट नाही. डॉक्टर, सोबती आणि येणारी माणसे एकाच टेबलाशी बसून काम करत. पुढे हे घर बोताफोगो भागात हलले. दिवसापुरती केंद्रे, खुली दारे, मोहल्ल्यातली सोय या कल्पना ब्राझीलच्या सरकारी धोरणात दिसू लागल्या त्याच्या कितीतरी आधी त्या इथे रोज अमलात येत होत्या.

निवृत्तीनंतर

1974 मध्ये संग्रहालयाच्या हितचिंतकांनी ‘संग्रहालय मित्रमंडळ’ स्थापन केले. पुढच्याच वर्षी सत्तरी गाठल्याने डॉ. नीझे सक्तीने निवृत्त होणार होत्या आणि संस्थापिका गेल्यावर सरकारी खाते संग्रहालयाच्या मागे साडेसाती लावील अशी धास्ती सगळ्यांना होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून डॉ. नीझे पुन्हा संग्रहालयात हजर झाल्या, आपण इथल्या नव्या उमेदवार आहोत असे सांगत, बिनपगारी. मित्रमंडळाने जतन, प्रदर्शने आणि प्रकाशने यांचा भार उचलला. लुइझ कार्लोस मेलो यांच्यासारखे तरुण सहकारी याच काळात तयार झाले आणि त्यांनी पुढे संग्रहालयाची धुरा सांभाळली.

1981 मध्ये डॉ. नीझे यांचा मुख्य ग्रंथ ‘अबोध मनातील प्रतिमा’ प्रसिद्ध झाला. त्यानंतर दिग्दर्शक लिओन हिर्शमन यांनी त्याच नावाची तीन भागांची चित्रपटमालिका केली. एकेक भाग फर्नांदो दिनिझ, आदेलिना गोमेस आणि कार्लोस पेर्तुइस यांच्यावर आहे. 30 ऑक्टोबर 1999 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी डॉ. नीझे यांचे निधन झाले. 2015 मध्ये रोबेर्तो बेर्लिनेर यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. ग्लोरिआ पिरेस यांनी त्यांची भूमिका केली आणि त्या वर्षीच्या टोकिओ महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

आजची संस्था

2000 मध्ये रुग्णालय रिओ महापालिकेकडे आले आणि त्याला डॉ. नीझे यांचे नाव देण्यात आले. 2001 च्या कायद्याने ब्राझीलने मनोरुग्णांना कायमचे डांबून ठेवण्याची पद्धत मोडीत काढण्याचा निर्णय घेतला आणि त्याऐवजी वस्तीपातळीवरच्या केंद्रांवर भर दिला. 2003 मध्ये देशाच्या वारसा संस्थेने संग्रहालयातील मुख्य संग्रहांना राष्ट्रीय वारशाचे संरक्षण दिले. 2017 मध्ये डॉ. नीझे यांचे व्यक्तिगत दफ्तर युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत आले. ब्राझीलच्या वीरांच्या राष्ट्रीय ग्रंथात त्यांचे नाव घालण्याचा ठराव राष्ट्राध्यक्षांनी 2022 मध्ये फेटाळला. संसदेने तो नकार रद्द केला आणि नाव नोंदले गेले.

या सन्मानांपेक्षा संस्थेच्या दृष्टीने मोठी तारीख ऑक्टोबर 2021 ची. त्या महिन्यात रुग्णालयातले शेवटचे दीर्घकालीन रुग्ण वॉर्ड सोडून बाहेर राहायला गेले. ज्या इमारतींमध्ये माणसे पंचवीस-तीस वर्षे बंद असत तिथले मुक्कामी वॉर्ड रिकामे झाले. चित्रशाळा चालू राहिली.

आपल्याकडे एखादी शाळा, रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा मोहल्ल्यातले मंडळ मनाच्या स्वास्थ्यासाठी चित्रकलेचा वर्ग सुरू करू पाहत असेल, तर त्यांनी या संस्थेच्या दफ्तराचा अभ्यास जरूर करावा. इमारत, निधी, नामवंत चित्रकार यांच्याशिवाय सुरुवात कशी झाली ते त्यात आहे. आठवड्यातले वार आणि वेळ ठरलेली असावी आणि ती मोडू नये. शेजारी बसणारी व्यक्ती वारंवार बदलू नये. स्पर्धा, गुण आणि बक्षिसे नसावीत. मागितल्याशिवाय दुरुस्ती करू नये, आणि अर्थ तर कधीच सांगू नये. औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू राहावीत. चित्रकला औषधांची जागा घेत नाही, ती त्यांच्या जोडीने काम करते. प्रत्येक कागदावर तारीख घालावी आणि तो काढणाऱ्याच्या नावाने नीट ठेवावा. यातल्या कुठल्याही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत, मात्र वर्षानुवर्षे टिकणारी चिकाटी लागते.

एंजेन्यो दे देन्त्रोत ही चिकाटी आजही दिसते. चित्रशाळेत येणारी माणसे आता घरून, बसने किंवा लोकलने येतात, काम करतात आणि परत जातात. त्यांची नवी चित्रे तारीख घालून त्याच संग्रहात दाखल होतात. एमिजिओ आणि आदेलिना यांची मूळ चित्रे पाहायला देशोदेशींचे विद्यार्थी, मनोविकारतज्ज्ञ आणि चित्रकार येत असतात. साडेतीन लाखांचा हा ठेवा बहुतांशी कागदावर आहे आणि रिओची हवा दमट आहे. त्यामुळे जतनाचे काम हा संस्थेच्या पुढच्या वर्षांतला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत तातडीचा विषय राहणार आहे.